पद्मिनीचं पुस्तक

(अंधार. पत्र्याचं दार सरकल्याचा आवाज. जमिनीवर उजेडाची एक पट्टी.)

निवेदन :

नागपूरच्या सक्करदऱ्यातली ही शेड. मे महिना आहे, सकाळचे साडेसात वाजलेत. आणखी तासाभरानं या पत्र्याला हात लावता येणार नाही.

(ताडपत्री निघते. धूळ उडते.)

ही प्रीमियर पद्मिनी, 1979 सालची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. त्या काळी नुसते पैसे मोजून ही गाडी दारात येत नसे. आधी नोंदणी करायची, मग वर्षानुवर्षं वाट पाहायची. म्हणून ती आली, की अख्खी गल्ली ओवाळायला जमायची.

बॉनेटवरून ज्यांचा हात फिरतोय, ते काका 71 वर्षांचे आहेत. एसटीच्या हिंगण्यातल्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांची नोकरी झाली. ही गाडी त्यांनी 2006 मध्ये घेतली आणि इथे आणून उभी केली. निवृत्त झाल्यावर एकेक भाग सोडवत गेले. कार्बोरेटर उघडून धुतला, ब्रेकचे पाइप नवे केले, पायाखालचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला, वायरिंग टोकापासून टोकापर्यंत बदललं. आज किल्ली फिरवली, की ती दुसऱ्या सेल्फला उठते.

(किल्ली. सेल्फचा आवाज. इंजिन सुरू होतं. दहा सेकंद फक्त आवाज.)

काका : "इंजिन उघडलं का समजते मले, तिचं काय दुखून राह्यलं. कागद उघडले तं काहीच समजे ना, भाऊ."

निवेदन :

कागद आहेत या स्टीलच्या डब्यात. टॅक्सच्या जुन्या पावत्या, विम्याची एक पॉलिसी आणि हे आरसी बुक. काका त्याला नुसतं पुस्तक म्हणतात. त्याचा खालचा कोपरा वाळवीनं खाल्लाय. चेसिस नंबरचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरच्या क्रमांकाचे, शेवटचे आकडे त्या कोपऱ्यासोबत गेले.

नाव मात्र शाबूत आहे. धंतोलीतल्या एका डॉक्टरांचं.

डॉक्टरांनी गाडी 1991 मध्ये एका वकिलाला विकली. वकिलानं ती इतवारीतल्या एका कापड व्यापाऱ्याला दिली आणि व्यापाऱ्यानं काकांना. इतक्या वर्षांत पुस्तकात एकही नाव चढलं नाही. डॉक्टरांनी कोऱ्या टीटीओ फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलण्याच्या अर्जावर, सही करून दिली होती, तोच फॉर्म गाडीसोबत एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिला. नाव नंतर लावू, घाई काय आहे, असं प्रत्येकानं म्हटलं. 2003 मध्ये डॉक्टर गेले आणि त्या सहीला काही अर्थ उरला नाही.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली, तो मालक. राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत कळवायचं असतं. वकील आणि व्यापारी या दोघांनी ही गाडी बारा-पंधरा वर्षं चालवली, पण सरकारी वहीच्या लेखी ते कधी नव्हतेच. पैसे मोजून घेतलेली आणि स्वतःच्या हातांनी उभी केलेली गाडी, पण काकाही त्या वहीत नव्हते.

(पुस्तकाचं पान जवळून. दोन शिक्के.)

हे दोन शिक्के पाहा. 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला. तेव्हापासून खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. मग तपासणी करून दर 5 वर्षांनी नूतनीकरण. कायद्याच्या आधी नोंदलेल्या गाड्याही त्यात आल्या. म्हणून पहिला शिक्का 1994 चा, दुसरा 1999 चा. पुढची पानं कोरी आहेत, म्हणजे 2004 नंतर नूतनीकरण झालंच नाही.

पुष्कळ लोक अशा वेळी गाडी भंगारात देतात. भंगारवाला पुस्तक मागत नाही, वजन करतो. काकांना दुसरी वाटही सुचवली गेली होती. तुटलेल्या एखाद्या पद्मिनीचं पुस्तक विकत घ्या आणि तो नंबर हिच्यावर ठोका. काका त्या माणसाला चहा न देता उठले. मग या गाडीची खरी ओळख काय, ते शोधायला बसले.

(बॉनेट उघडं. फडकं, रॉकेलची वाटी.)

हे काम नीट पाहा, कारण जुन्या गाडीचा सगळा कारभार इथे येऊन थांबतो. बॉनेटखाली पत्र्यात चेसिस नंबर कोरलेला असतो. त्यावर 45 वर्षांचा रंग, ग्रीस आणि धूळ चढलेली. सँडपेपर लावायचा नाही. आकडा घासला गेला, तर तपासणारा म्हणेल, नंबराशी छेडछाड झालीय. काका रॉकेलचं बोट फिरवतात, थांबतात, फडक्यानं टिपतात, पुन्हा फिरवतात. हे तीन दिवस चाललं.

(पातळ कागद नंबरावर. पेन्सिल आडवी फिरते.)

आणि ही पेन्सिल प्रिंट. कागद नंबरावर चेपून धरायचा, शिसं आडवं धरायचं, हात हलका ठेवायचा. एकेक आकडा कागदावर उमटतो. वाळवीनं खाल्लेले आकडे गाडीनं स्वतः सांगितले. एक तेवढा अडला. तो 3 होता की 8?

परिवहन कार्यालयाच्या संगणकावर ही गाडी नव्हतीच. जुन्या नंबराच्या, एम अक्षरापासून सुरू होणाऱ्या कितीतरी गाड्या सरकारच्या ‘वाहन’ नावाच्या संगणक प्रणालीत चढलेल्या नाहीत. त्यांची बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर, करावी लागते आणि ती करायची, तर मूळ रजिस्टरातलं पान हवं. हाताने लिहिलेलं, कापडी पाठीचं रजिस्टर. काकांनी अर्ज केला. एका लिपिक ताईंनी ते पान शोधून काढलं. हा त्याचा उतारा.

(उताऱ्यावर बोट फिरतं.)

निळी शाई, वळणदार अक्षर. डॉक्टरांचं नाव, धंतोलीचा पत्ता, रंग पांढरा. आणि चेसिस नंबरात स्वच्छ लिहिलेला 8.

ज्यांच्या टेबलावर अशी रजिस्टरं आहेत, त्यांना आम्ही कळकळीनं सांगतो : ही पानं जपा. लोकांच्या गाड्यांचे जन्मदाखले तुमच्या कपाटात आहेत.

यानंतर डॉक्टरांची मुलगी सापडली. पुण्याला असते. एका फोनवर आली.

(धंतोली. फाटकाशी उभी बाई. काका हात जोडतात.)

ताई : "बाबांची गाडी अजून आहे, हेच मला माहीत नव्हतं हो काका."

निवेदन :

नोंदलेला मालक हयात नसेल, तर गाडी आधी वारसाच्या नावावर येते. त्यासाठी फॉर्म 31, मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र. ताईंचा भाऊ परदेशात असतो. त्याचं संमतीपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित होऊन आलं. मग ताईंकडून काकांकडे विक्री, फॉर्म 29 आणि 30. फाटलेल्या पुस्तकाऐवजी दुय्यम प्रत, फॉर्म 26. नूतनीकरणाला फॉर्म 25. प्रत्येकासोबत पेन्सिल प्रिंट. काकांनी अशा चौदा प्रिंट काढल्या. ओळीनं वाळत घातलेल्या कुरडयांसारख्या त्या इथे खाटेवर मांडल्यात.

(दोरी. पुढे बोलेरो, मागे पद्मिनी.)

नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून तपासणीला ती टोचन करून नेली. मेडिकल चौक, व्हेरायटी चौक, मग झिरो माईलच्या चार घोड्यांसमोरून. सिग्नलला स्कूटरवाले वळून पाहतायत. एक आजोबा काचेवर टकटक करून विचारतायत, विकता का?

मोटार वाहन निरीक्षकांनी दिवे पाहिले, हॉर्न, ब्रेक, वायपर पाहिले. मग बॉनेट उघडून नंबर वाचला आणि कागदाशी ताडला. आकडा, आकडा, आकडा.

20 वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क 2025 पासून 10,000 रुपये आहे. त्यावर उशिराचा दंड आणि पर्यावरण कर. काकांनी भरले.

आणि हो, नोंद न बदलण्याची दुसरी किंमतही आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलं, की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर येते, मग गाडी त्यानं कधीच विकलेली का असेना. या गाडीनं कुणाला धडक दिली असती, तर नोटीस धंतोलीच्या त्या घरी गेली असती.

(जुनी काळी पाटी, पांढरे रंगवलेले आकडे. स्क्रू फिरतात.)

1 एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांना आता उच्च सुरक्षा नंबर पाटी लागते. ही काळी पाटी काकांनी शेडच्या भिंतीवर खिळ्याला अडकवली. नंबर तोच राहिला, जुनी तीन अक्षरं आणि चार आकडे.

2029 मध्ये पद्मिनी 50 वर्षांची होईल. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरं असलेली. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते. काकांना ते नको. त्यांना हिच्यातून भाजी आणायची आहे.

(पहिली फेरी. मागच्या सीटवर ताई. काच खाली. निवेदन नाही. मिनिटभर फक्त इंजिन आणि रस्ता.)

निवेदन :

नवीन आरसी टपालानं आली. मालकाच्या रकान्यात काकांचं नाव आहे. नॉमिनी कोण, हेही आता नोंदवता येतं. 2021 मध्ये ती सोय झाली. काकांनी तिथे लेकीचं नाव घातलं आणि त्याच दिवशी तिला शेडमध्ये बोलावून गिअर कसा टाकायचा ते शिकवलं.

(लेक चालकाच्या सीटवर. दांडा अडतो. पुन्हा. गाडी पुढे सरकते.)