खालच्या फांद्या मुलांच्या

(मंडळाच्या हिवाळी मेळाव्यातील भाषण. संकेतस्थळासाठी थोडे संपादित.)

नमस्कार मंडळी.

आज सभागृहात सोलापूरकर बरेच आहेत, आणि काहींचे आईवडीलही तिकडून आलेत. "तू हात लावू नकोस, वाकडं होईल." हे वाक्य गणपतीचं मखर कापताना, गौरीची आरास मांडताना आपण सगळ्यांनी ऐकलंय. आता इथे नाताळचं झाड उभं करताना तेच वाक्य आपण आपल्या मुलांना ऐकवतो. भाषा बदलते एवढंच.

सोलापुरी चादरीवरची नक्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी येते, कारण मागावरच्या जेकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेला, भोकं पाडलेली कार्डं लावलेली असतात. कुठला धागा वर उचलायचा ते कार्ड ठरवतं. चार वर्षांच्या पोराला असं कार्ड लावता येत नाही. तेव्हा त्याच्याकडून सफाईची अपेक्षा करायची नाही. काम कसं वाटायचं ते आधी ठरवायचं.

दिव्यांची माळ मोठ्यांनी लावायची, मुलं खोलीत यायच्या आधी. माळ जमिनीवर पसरून पेटवून बघा. बंद पडलेले दिवे झाडावर गुंडाळल्यावर सापडले की घरातल्या सगळ्यांचाच मूड जातो. फुटाला शंभर दिवे असा एक हिशेब सांगतात, म्हणजे सहा फुटी झाडाला सहाशे. मुलांच्या झाडाला निम्मे पुरतात. सुरुवात खालून, प्लगच्या बाजूने करायची. वायर बुंध्यापासून फांदीच्या टोकाकडे आणि परत बुंध्याकडे न्यायची, नुसती बाहेरून गुंडाळायची नाही. बाहेर लोंबणारी वायर मुलांच्या हाताला लागते आणि ओढली की सगळी खाली येते.

मग वाटणी. खालचे तीन फूट मुलांचे, वरचे तुमचे. काचेचे गोळे आणि आजीने दिलेलं नाजूक काही असेल ते वर. मुलांकडे कापड, लाकूड, कागद. तारेचे आकडे त्यांना देऊच नका, बोटाला टोचतात. त्याऐवजी लोकरीचे फास करा, चांगले सात-आठ सेंटीमीटर लांब. फास लहान असला की फांदीच्या जाड टोकावरून जात नाही, मूल ढकलत राहतं आणि फांदीच वाकते. तेवढ्यात कुणीतरी "आण इकडे, मी लावते" म्हणतं आणि खेळ संपतो. एका वेळी वाटीत तीनच वस्तू द्या. अख्खं खोकं समोर ठेवलं की लावण्यापेक्षा उपसणं जास्त होतं.

तीन-चार वर्षांचं मूल स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला, समोरच्या बाजूला लावतं. एक जिथे नीट अडकलं तिथेच दुसरं, तिथेच तिसरं. एका फांदीवर सात चांदण्या आणि शेजारची फांदी रिकामी, हे होणारच. ते तसंच राहू द्या. मुलं झोपल्यावर गुपचूप सारखं करायला जाऊ नका. सकाळी त्यांना आधी तेच दिसतं, आणि पुढच्या वेळी प्रत्येक वस्तू हातात धरून ती विचारतात, "इथे लावू का?"

हात लावायची मुभा फक्त धोका असेल तिथे. सगळं वजन पुढे आल्यामुळे हलकं प्लॅस्टिकचं झाड पुढे कलतं, हा खरा धोका. चांदण्या हलवू नका. स्टँडच्या मागच्या पायावर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवा आणि वर सोलापुरी चादर गुंडाळा. पिशवी झाकली जाते आणि चादरही छान दिसते. घरात रांगतं मूल असेल तर बुंधा मासेमारीच्या दोऱ्याने भिंतीतल्या हुकाला बांधा. नाण्यासारख्या चपट्या सेलवर चालणारे छोटे दिवे खालच्या भागात नकोतच. तो सेल गिळला तर अन्ननलिका भाजते, थेट इस्पितळ गाठावं लागतं.

आता झाडावर टांगायच्या चांदण्या जिच्या करतात त्या मिठाच्या कणकेबद्दल, कारण सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी थोडं थोडं घाला. शंकरपाळ्याच्या पिठाइतकं घट्ट हवं. फुगणारा मैदा, म्हणजे ज्यात बेकिंग पावडर आधीच असते तो, चुकूनही घेऊ नका. चांदणीचा भोपळा होतो. साधारण सहा मिलिमीटर जाड लाटा. भोक स्ट्रॉने, भाजायच्या आधी, कडेपासून एक सेंटीमीटर आत. कडेला पाडलं तर टांगताना तुटतं. ओव्हन 120 अंश सेल्सिअस, दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटायचं. घाई करून 180 वर ठेवलं की वरचा थर आधी आवळतो, आतली वाफ अडकते आणि फोड येतात. सोलापूरच्या डिसेंबरात हेच गच्चीवरच्या उन्हात वाळतं, त्यामुळे आजीआजोबांना ओव्हनची ही खटपट जास्तीची वाटेल. इथल्या ढगाळ, दमट हवेत मात्र बाहेर ठेवलेलं ओलंच राहतं.

पूर्ण थंड झाल्यावरच रंग द्या. पातळ जलरंगाने वरचा थर भिजून मऊ पडतो, त्यापेक्षा पोस्टर रंग घट्टसर लावा. वाळल्यावर दोन्ही बाजूंनी वॉर्निश लावा, ते काम मोठ्यांचं. एकच बाजू राहिली तरी मीठ हवेतलं पाणी ओढतं. घरात कुत्रा असेल तर कच्ची कणीकही आणि भाजलेले तुकडेही त्याच्यापासून लांब ठेवा. एवढं मीठ त्याला जीवघेणं ठरू शकतं.

कागदाची साखळी सोपी. ए-फोर कागद आडव्या रुंदीने तीन-तीन सेंटीमीटरच्या पट्ट्यांत कापा. एका कागदात नऊ निघतात. पातळ डिंक वाळेपर्यंत मूल हात सोडतं आणि कडी उघडते. डिंकाची कांडी द्या, दहा अंक मोजायला सांगा.

वेळ सकाळची. लहानग्यांना वीस मिनिटं पुरतात; उरलेलं उद्या.

मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती. 'सर्वोत्तम बालसजावट' हे बक्षीस बंद करा. टेबलावर दरवर्षी जे मांडलेलं असतं ते कुणाच्या हातचं आहे, हे परीक्षकांनाही कळतं. त्याऐवजी एक मोठं टेबल आणि दोन किलो कणीक द्या. आईवडील समोरच्या खुर्च्यांत चहा घेत बसतील.

झाड उतरवताना मुलांनाच बोलवा. प्रत्येक वस्तूच्या मागे नाव आणि वर्ष त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या, मग वर्तमानपत्रात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी त्यातच टाका, आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा वर ठेवा. संक्रांतीच्या सुमारास, तिकडे सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा, एकदा उघडून बघा. बोट दाबल्यावर एखादी चांदणी मऊ लागली तर 100 अंशांवर तासभर परत वाळवा. तुटलेली असेल तर ठेवायची की टाकायची, ते जिने केली तिला विचारा.