दिनमानावरून ठावठिकाणा

(पैठण. नाथसागराचा काठ. तांबडं फुटतंय.)

आज फक्त दोन वेळा टिपायच्या. सूर्य उगवला ती आणि मावळला ती. तारीख ठाऊक असली की एवढ्यावरून आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत, ते काढता येतं.

२१ जूनला छत्रपती संभाजीनगरात सूर्य साधारण ५ वाजून ५० मिनिटांनी उगवतो आणि ७ वाजून १० मिनिटांनी मावळतो. त्याच दिवशी ओडिशातल्या पुरीला तो ५ वाजून ८ मिनिटांनी उगवतो आणि ६ वाजून २८ मिनिटांनी मावळतो. दोन्हीकडे दिवस १३ तास २० मिनिटांचाच, कारण दोन्ही शहरं विसाव्या अक्षांशाला चिकटून आहेत. पुरी पूर्वेला, म्हणून तिथे सगळं ४२ मिनिटं आधी घडतं. पृथ्वीला एक अंश वळायला ४ मिनिटं लागतात. ४२ मिनिटांचे झाले साडेदहा अंश.

आता अमृतसर. उगवती ५.२६, मावळती ७.३९. दोन्हींचा मध्य काढा : १२ वाजून ३२ मिनिटं. संभाजीनगरचा मध्य साडेबारा. म्हणजे अमृतसर जवळपास आपल्या थेट उत्तरेला. पण तिथला दिवस तब्बल ५३ मिनिटांनी मोठा! मध्यावरून पूर्व-पश्चिम कळते, लांबीवरून उत्तर-दक्षिण. जूनमध्ये आपल्या भागात एक मिनिट चुकलं, तर जागा पंचवीस-तीस किलोमीटरने सरकते. उघड्या क्षितिजावर, साध्या घड्याळाने एवढं जमतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

(नांदेड. मशिदीबाहेर इफ्तारची तयारी.)

मराठवाड्याला हा फरक अंगवळणी पडलेला आहे. रमजानमध्ये नांदेडचा रोजा संभाजीनगरच्या सात-आठ मिनिटं आधी सुटतो, म्हणून गावोगावचं वेळापत्रक वेगळं छापतात. आणि पंचांगात 'दिनमान', म्हणजे दिवसाची लांबी, असतंच. ३० घटी म्हणजे १२ तास. आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात ते तेहतीस घटींच्या थोडं वर चढतं.

(तेर. उत्खननातली मातीची भांडी, जुन्या विटा.)

धाराशिव जिल्ह्यातलं हे तेर, म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या टॉलेमीने आपल्या भूगोलात तगरची आणि 'बैठाना' म्हणून पैठणची नोंद केली. तेव्हाचे ग्रीक भूगोलकार एखादं गाव किती उत्तरेला आहे, हे तिथल्या सर्वांत मोठ्या दिवसावरून सांगत. नाईलकाठच्या मेरोएला १३ तास, अलेक्झांड्रियाला १४, रोड्स बेटाला साडेचौदा. त्या पट्टीवर पैठण मेरोएच्या जरासं पुढे बसतं.

(पाण्यावरून उठणारा बदकांचा थवा.)

हेच गणित आज पक्ष्यांच्या पायावर बसलंय. आर्क्टिक सुरय नावाच्या पक्ष्याच्या पायाला संशोधकांनी १.४ ग्रॅमचं यंत्र बांधलं. ते उजेड तेवढा मोजत राहतं. पक्षी पुन्हा हाती लागला, की रोजच्या उजेड-अंधारावरून त्याची वाट मांडायची. २०१० साली निष्कर्ष छापून आले : ग्रीनलंडहून अंटार्क्टिकाकडे आणि परत, वर्षाकाठी सरासरी ७० हजार किलोमीटरहून जास्त.

पण या पद्धतीला वर्षातून दोनदा अंधारी येते. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी पैठण असो की लंडन, दिवस जवळपास सारखाच, बारा तासांचा. पूर्व-पश्चिम कळते, पण उत्तर-दक्षिण हरवते. आणि नेमके मार्चच्याच सुमाराला नाथसागरावरचे हिवाळी पाहुणे पक्षी उत्तरेला निघालेले असतात.

(भर दुपार. सपाट जागी उभी रोवलेली काठी.)

आपल्या ज्योतिर्विदांकडे या दिवसासाठी दुसरी वाट होती. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सावली मोजायची खुंटी, सरळ उभा करायचा आणि विषुवदिनी मध्यान्हीची सावली मोजायची. तिचं नाव पलभा. विषुववृत्तावर ती शून्य. उत्तरेला जावं तशी वाढते. या पलभेवरूनच ते त्या गावाचं वर्षभराचं दिनमान काढत.

पैठणला ती भरते सव्वाचार अंगुळं.

(काठीची सावली. शेजारी जमिनीवर खडूची खूण.)