सराफ्यातली इंग्रजी नामं

(दृश्य: इंदूर. रात्रीचा सराफा.)

दिवसा इथे सोन्या-चांदीचे व्यवहार चालतात. रात्री शटर खाली आलं की त्याच दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस, दहीवडे आणि जिलेबीच्या कढया मांडल्या जातात. इंग्रजी नामांचे प्रकार शिकायला ही जागा उत्तम.

शाळेत पाच प्रकार पाठ करून घेतात: प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरिअल, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. मुलांना व्याख्या घडाघडा येतात, पण वाक्य लिहायला बसलं की अडतं.

राजवाडा (इंदुरातल्या होळकरांच्या वाड्याचं नाव), नर्मदा ही विशेषनामं. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसतं. इंग्रजीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठंच काढावं लागतं. शहराच्या नावाआधी सहसा ‘द’ येत नाही, नदीच्या नावाआधी येतो: नुसतं ‘इंदूर’, पण ‘द नर्मदा’. समूहवाचक नामांत आपली मराठी जास्त श्रीमंत. किल्ल्यांचा जुडगा, केळ्यांचा घड, कोथिंबिरीची जुडी. इंग्रजीत तिन्हींना ‘बंच’ चालतं. गोडवा, प्रामाणिकपणा ही भाववाचक, तिथे फारसं अडत नाही.

खरी मेख मोजण्यात आहे.

(दृश्य: सराफाच्या पेढीवर मखमली खोक्यात पाटल्या, अंगठ्या.)

अंगठी मोजता येते: ‘अ रिंग’, ‘टू रिंग्ज’. सोनं तोळ्यावर जातं, म्हणून ‘गोल्ड’ला ना ‘अ’ लागतो, ना अनेकवचनाचा ‘एस’. इथवर पटतं. पण समोर दागिने सुटे सुटे दिसत असूनही ‘ज्वेलरी’ मोजता येत नाही! एक दागिना म्हणजे ‘अ पीस ऑफ ज्वेलरी’. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस यांचंही तसंच. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ आहे, तरी ‘द न्यूज इज गुड’.

मुलगा ‘फर्निचर्स’ लिहितो तेव्हा त्याच्यावर रागावू नका. मराठीत ‘अंगठी घेतली’ आणि ‘सोनं घेतलं’ यांत नामाआधी काहीच लागत नाही, मग हा भेद कानाला कळणार कसा?

(दृश्य: सकाळ. पोह्यांचा ठेला.)

इंदूरच्या मराठी मुलाकडे मात्र एक भांडवल आहे. घरात आई म्हणते, ‘पोहे झाले, या’. अनेकवचन. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तोच मुलगा हिंदीत ‘पोहा’ मागतो. एकवचन. जिन्नस तोच, भाषेसरशी वचन बदललं, आणि तो कधी चुकत नाही. ‘द राइस इज रेडी’ हे त्याला याच वाटेने शिकवावं.

काही शब्द दोन्हीकडे बसतात. ‘ग्लास’ म्हणजे काच, तेव्हा मोजायचं नाही. ‘अ ग्लास’ म्हणजे पेला. ‘कॉफी’ एरवी मोजत नाहीत, पण टपरीवर ‘टू कॉफीज’ चालतं. अशा वेळी विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश उघडावा. अशा अनेक कोशांत नामापुढे ‘सी’ किंवा ‘यू’ छापलेलं असतं: ‘सी’ मोजण्याजोगं, ‘यू’ न मोजण्याजोगं. ‘ग्लास’पुढे दोन्ही सापडतील.