न्टारियाचा सातबारा

नमस्कार मंडळी.

ॲलिस स्प्रिंग्ज सोडून पश्चिमेला साधारण सव्वाशे किलोमीटर गेलं, की हर्मन्सबर्ग येतं. तिथल्या अरांडा या आदिवासी लोकांचं त्या जागेला मूळ नाव न्टारिया. ऑस्ट्रेलियाच्या अगदी पोटातलं गाव. मी गेलो तो जुलै महिना, म्हणजे तिकडचा हिवाळा. पहाटे गाडीच्या काचेवर दव गोठलेलं होतं. वाटेत फिंक नदी लागते. नदी म्हणायची, पण पात्रात नुसती वाळू आणि त्या वाळूत पाय रोवून उभी असलेली झाडं. गावात चुन्यानं पांढऱ्या केलेल्या दगडी इमारती, खजुराची झाडं, एक छोटं जुनं चर्च. पर्यटक तासाभरात सगळं बघून निघतात. मला मात्र तिथला एक माणूस अजून सोडत नाही.

आधी थोडं या गावातल्या ख्रिस्ती मिशनबद्दल. केंपे आणि श्वार्त्स हे दोन लुथरन मिशनरी १८७५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातून घोडे, गुरं आणि जवळजवळ दोन हजार मेंढ्या घेऊन निघाले. वाटेत दुष्काळानं अडवलं. पोचले १८७७ च्या जूनमध्ये! जर्मनीतल्या ज्या गावी ते शिकले, त्याचंच नाव त्यांनी इथे दिलं. पुढे १८९४ मध्ये कार्ल स्ट्रेलो हे मिशनरी आले. गोव्यात फादर स्टीफन्स जसे मराठीत मुरले, तसे हे अरांडा भाषेत मुरले. बायबलचा नवा करार त्या भाषेत नेला, त्या लोकांच्या कथा आणि गाणी लिहून ठेवली. पण त्याच मिशननं त्यांचे विधी पाखंड मानले. आणि त्याच मिशनच्या कुंपणाआड लोकांना गुरांच्या मालकांच्या आणि पोलिसांच्या बंदुकांपासून आसराही मिळाला. या दोन गोष्टींची वजाबाकी मला करता येत नाही, आणि ती कुणी परस्पर करू नये असं मला वाटतं.

१९२० च्या दशकाच्या शेवटी भयंकर दुष्काळ पडला. ताजं अन्न नाही, त्यातून होणारा स्कर्व्हीचा आजार पसरला, लहान मुलं दगावली. तेव्हाचे पाद्री आल्ब्रेख्ट यांनी काही किलोमीटरवरच्या कुप्रिल्या झऱ्याचं पाणी नळानं गावात आणायचं ठरवलं. पैसे कुठून आले? मेलबर्नच्या व्हायोलेट आणि ऊना टीग या बहिणींनी चित्रकारांना गोळा केलं, चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि निधी उभा केला. १९३५ मध्ये पाणी आलं. म्हणजे या गावात चित्रांच्या पैशांतून पाणी आलंय, मंडळी.

आता तो माणूस. आल्बर्ट नामाजिरा, जन्म १९०२, याच मिशनमधला. सुतारकाम, लोहारकाम, उंट हाकणं, पडेल ते काम करायचा. हे उंट मुळात आपल्या बाजूचे बरं का. कितीतरी उंट कराचीहून बोटीत चढवून तिकडे नेलेले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. १९३६ मध्ये रेक्स बॅटरबी हे चित्रकार तिथे रंगवायला आले, तेव्हा त्यांचे उंट आल्बर्टनं सांभाळले आणि बदल्यात जलरंग शिकून घेतले. जेमतेम दोन महिने. १९३८ मध्ये मेलबर्नला त्याचं पहिलं प्रदर्शन झालं, ४१ चित्रं, सगळी विकली गेली.

बरेच समीक्षक म्हणत राहिले की हा गोऱ्यांची नक्कल करतो. मीही मूळ चित्र बघेपर्यंत थोडं तसंच समजत होतो. मग एका चित्रासमोर बराच वेळ उभा राहिलो. पुढे घोस्ट गमचं एकच झाड, पांढरंशुभ्र खोड, चौकटीच्या वरच्या कडेबाहेर गेलेलं. त्या खोडाला पांढरा रंग लावलेलाच नाही, कागद कोरा सोडलाय. सालीवरची प्रत्येक सुरकुती, प्रत्येक गाठ मात्र नावानिशी ओळखावी तशी काढलेली. मागे जांभळा डोंगर. तो डोंगर त्याच्या लेखी देखावा नव्हता. त्या डोंगराची कथा असते, गाणं असतं आणि ते सांभाळायची जबाबदारी ठरलेल्या माणसांवर असते. आपल्या भाषेत सांगायचं तर तो स्वतःचा सातबारा रंगवत होता.

आणि खरा सातबारा? गुरं पाळायला जमीन मागितली, मिळाली नाही. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायचं म्हटलं, परवानगी नाही. आणि १९५४ मध्ये हाच माणूस इंग्लंडच्या राणीला भेटून आला! गावाबाहेर त्यानं बांधलेलं दगडी घर मी पाहिलं. दोन खोल्या. मी दारात उभा राहिलो आणि दोन्ही हात पसरले, तर खोली तिथेच संपल्यासारखी वाटली. यात एवढं मोठं कुटुंब.

तेव्हा आदिवासींना नागरिकाचे पूर्ण हक्क नव्हते. १९५७ मध्ये त्याला नागरिकत्व दिलं. म्हणजे त्याला दारू विकत घेता येणार, पण नातेवाइकांना दिली तर गुन्हा. जवळ आहे ते भाऊबंदांत वाटणं हा अरांडांचा धर्मच. त्याच कलमाखाली शिक्षा झाली. दोन महिने पापुन्या नावाच्या वस्तीवर स्थानबद्धतेत काढले, आणि ८ ऑगस्ट १९५९ ला तो गेला. चित्रांचे हक्कही घराण्याच्या हातून सुटले होते. ते २०१७ मध्ये परत आले, एका डॉलरला.

मिशनची जमीन १९८२ मध्ये मूळ मालकांना परत मिळाली. १९९० पासून तिथल्या बायका मातीची भांडी करतात. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या आणि बोटांनी सांधायच्या. मी एक भांडं हातात घेतलं. पोटावर चहूबाजूंनी डोंगर आणि पांढरी खोडं, झाकणावर हिरव्या पोपटांची जोडी. झाकण उचललं, तर आतल्या कडेला कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा तसाच भाजून निघालेला होता. मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला. तो ठसा माझ्या अंगठ्यापेक्षा लहान होता.