जे आधी होईल ते

गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत एक तक्ता असतो. डावीकडे सुट्या भागांची नावे, वरच्या ओळीत किलोमीटरचे आणि महिन्यांचे आकडे, आणि चौकटींमध्ये ‘तपासा’ किंवा ‘बदला’ एवढाच शेरा. त्याच तक्त्याजवळ एक लहानसे वाक्य छापलेले असते: किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते. ‘यंदा गाडी फारशी चाललीच नाही’ असे म्हणून सर्व्हिसिंग पुढे ढकलले जाते, तेव्हा या वाक्याचा उत्तरार्ध सोयीस्करपणे बाजूला पडतो. गाडी चालल्याने झिजते हे सर्वांना पटते. ती उभ्या जागीही जुनी होत असते, हे मात्र आत डोकावल्याशिवाय पटत नाही.

बोनेट उघडले आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी आहे, इंजिन बंद करून दहा मिनिटे झाली आहेत आणि वरच्या भागांतले ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, जमले आहे. मेकॅनिक डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बाहेर काढतो, फडक्याने कोरडी पुसतो, पुन्हा शेवटपर्यंत आत घालतो आणि मग बाहेर काढून आडवी धरतो. पहिल्या वेळी दिसणारी रेघ खरी मानायची नसते, कारण इंजिन फिरताना उडालेले ऑइल पट्टीला वरपर्यंत माखलेले असते. दुसऱ्या वेळी पातळी दोन खुणांच्या मध्ये दिसते. म्हणजे प्रमाण ठीक आहे. रंग मात्र काळा आहे. तो पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण ऑइलमध्ये मिसळलेली रसायने ज्वलनातून निर्माण होणारी काजळी धरून ठेवतात, ती धातूवर बसू देत नाहीत, आणि ऑइल बदलले की ती काजळीही इंजिनाबाहेर जाते. प्रश्न रंगाचा नाही. त्या रसायनांची ताकद किती उरली आहे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर डिपस्टिकवर दिसत नाही, इंजिनाच्या आवाजावरूनही कळत नाही. तक्त्याची गरज इथे सुरू होते.

या ऑइलने किती काम केले, याचा हिशेब करून पाहावा. गाडी सरासरी ताशी ४० किलोमीटर वेगाने १०,००० किलोमीटर चालली, तर इंजिन २५० तास फिरले; मिनिटाला २,००० फेरे धरले, तर क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, ३ कोटी फेरे झाले. या प्रत्येक फेऱ्यात धातू आणि धातू यांच्यामध्ये ऑइलचा केसाहूनही पातळ थर होता, आणि त्या थरामुळेच बेअरिंग शाबूत राहिले. अनेक गाड्यांच्या तक्त्यात ऑइल बदलण्यासाठी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष हा आकडा आढळतो, तो अशा कामाचा अंदाज घेऊनच.

पण मग वर्ष कशासाठी? पेट्रोलच्या ज्वलनातून पाणी तयार होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे: एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात निर्माण होते. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली चेंबरमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात ऑइल पुरेसे तापते आणि हे पाणी उडून जाते. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीत ऑइल तेवढे तापतच नाही. पाणी आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये साचत राहते, आम्ले तयार होतात आणि ऑइलमधील रसायने ती निष्प्रभ करण्यात खर्ची पडतात. म्हणून कमी चालणारी गाडी ऑइलच्या दृष्टीने अनेकदा जास्त कष्ट सोसत असते. पुस्तिकेत ‘खडतर वापर’ या शीर्षकाखाली वेगळा, कमी अंतराचा तक्ता दिलेला असतो. त्यात धूळ, जड ओझे, तुंबलेली वाहतूक यांच्याबरोबर लहान लहान फेऱ्यांचाही समावेश असतो, आणि शहरात गाडी चालवणाऱ्याने प्रामाणिकपणे पाहिले, तर त्याची गाडी बहुधा याच तक्त्यात बसते.

आता गाडी लिफ्टवर आहे. चेंबरचा नट सुटतो आणि ऑइलची जाड धार खालच्या भांड्यात पडते. जुना फिल्टर फिरवून काढल्यानंतर मेकॅनिक थांबतो आणि इंजिनावरच्या बैठकीवरून बोट फिरवतो. हा क्षण नीट पाहण्यासारखा आहे. फिल्टरच्या तोंडाशी असलेली रबरी रिंग कधी कधी तापून बैठकीलाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर दोन रिंगा एकावर एक येतात, आणि इंजिन सुरू होऊन दाब वाढला की त्या फटीतून ऑइल बाहेर उसळते. रिंग जुन्या फिल्टरबरोबर निघाली आहे, याची खात्री करून तो नव्या रिंगला ताज्या ऑइलचे बोट लावतो, फिल्टर हाताने आवळतो आणि नटाला नवा वॉशर घालतो. चांगली सर्व्हिसिंग आणि नुसती उरकलेली सर्व्हिसिंग यांतला फरक अशा दोन सेकंदांत असतो.

माझ्या मते तक्त्यातील सर्वाधिक दुर्लक्षित चौकट ब्रेक ऑइलची आहे. ते झिजत नाही, गळत नसेल तर विशेष कमीही होत नाही, आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षे तसेच राहते. ग्लायकॉलपासून बनलेले हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डबीच्या झाकणाशी असलेल्या वायुछिद्रातून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतूनही ओलावा हळूहळू आत झिरपतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर सुमारे ३.७ टक्के पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश इतकी खाली येते. रोजच्या ब्रेकमध्ये हा फरक जाणवतही नाही. लांब उतारावर भरलेली गाडी सतत ब्रेक दाबून उतरवली, की पॅड आणि डिस्क प्रचंड तापतात, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधील द्रव उकळते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबले जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते, आणि पेडल पोकळ वाटत खाली जाते. काल व्यवस्थित लागलेला ब्रेक ऐन गरजेच्या क्षणी असा हरवतो. अनेक गाड्यांत हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायला सांगितलेले असते, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजिन ऑइल लागत नाही, ब्रेक ऑइल लागतेच.

एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि ब्रेक पॅड यांची झीज उघडून पाहिली की दिसते, त्यामुळे त्यांच्याविषयी फार सांगण्याची आवश्यकता नाही. टायरच्या खाचांमध्ये १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले, की टायर संपला. परंतु टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंकही वाचायला हवेत. २४१८ याचा अर्थ २०१८ सालच्या चोविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. खाचा खोल असूनही बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतील, तर तिथे किलोमीटरच्या आधी वर्षांनी आपले काम केलेले असते.

ज्या इंजिनात साखळीऐवजी रबरी टायमिंग बेल्ट असतो, तिथेही रबराचे वय मोजावेच लागते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांना इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा, हे प्रमाण तो दातेरी पट्टा क्षणभरही चुकू देत नाही. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. पट्टा तुटला, की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनच्या मार्गात सापडतात आणि वाकतात. त्यापूर्वी सहसा ना आवाज येतो, ना गाडीचा जोर कमी होतो. तो पट्टा आवरणाखाली असल्याने मालकाला दिसतही नाही. नोंदवहीतील तारीख एवढाच काय तो त्याच्याविषयीचा पुरावा.

नवे ऑइल भरले आहे. मेकॅनिक इंजिन सुरू करतो. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा काही क्षण जळतो आणि विझतो. नव्या फिल्टरमध्ये ऑइल भरले गेल्यामुळे चेंबरमधील पातळी थोडी उतरलेली असणार, म्हणून इंजिन बंद करून तो वाट पाहतो, नट आणि फिल्टरच्या कडेवरून कोरडे फडके फिरवतो, डिपस्टिक दोनदा काढतो आणि उरलेले ऑइल थोडे थोडे ओततो. मग पुस्तिकेतील रिकामी चौकट समोर घेऊन तो मीटरवरचा आकडा लिहितो, आणि त्याच्या शेजारी आजची तारीख.