कोकणातली कामाच्या वयाची माणसं

मित्रहो, 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या 16 टक्क्यांनी वाढली. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे 82 हजारांनी घटली, सिंधुदुर्गाची 19 हजारांनी. मुंबई शहर सोडलं तर राज्यात घट झालेले हे दोनच जिल्हे. तेव्हा ‘कोकण रिकामं होतंय’ अशी ओरड झाली. माझं म्हणणं असं, की गळती कैक पिढ्यांची आहे. आकड्यात ती दिसायला एवढा वेळ का लागला, हा खरा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या वाढल्या. इकडे पिकात खोताचा म्हणजे गावच्या वसुलीदार जमीनदाराचा वाटा, वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन आणि भाताचं एकच पीक. मिसरूड फुटलं की मुलगा बोटीनं मुंबई गाठायचा, लालबाग-परळात गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा. पण त्याचं बिऱ्हाड गावीच असायचं. मनीऑर्डर गावी यायची, मुलं गावी जन्मायची, नांगरणी-लावणीचा भार बायका आणि म्हातारे ओढायचे. अंगातला जोर ओसरला की तो फंडाचे पैसे घेऊन परतायचा. कोकणानं मुंबईला माणसाची कमावती वर्षं दिली. त्याचं बालपण आणि म्हातारपण मात्र स्वतः सांभाळलं. गावात माणसं होती, म्हणून डोकी मोजताना कमी काही वाटत नव्हतं.

खूण होती ती स्त्री-पुरुष प्रमाणात. 2001 साली राज्यात हजार पुरुषांमागे 922 स्त्रिया होत्या, रत्नागिरीत 1136. याचं कौतुक करणारे भेटतात तेव्हा मला वाईट वाटतं. हजारांवरच्या त्या बायकांचे नवरे आणि मुलगे मुंबईत होते, आणि त्यांच्या वाटचं काम या बायकांनी एकटीनं उपसलं.

1982चा गिरणी संप ही या कहाणीतली मोठी घडामोड. पुष्कळ गिरणी कामगार गावी परतले. पुढच्या पिढीला गिरणीचं दार बंद झालं, तरी तिनं मुंबईची वाट सोडली नाही. फक्त आता ती खोलीत पथारी टाकायला गेली नाही. नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवलीत संसार मांडायला गेली. मुलांच्या शाळा तिकडे, मग म्हाताऱ्या आईलाही तिकडेच नेलं. 2011 साली सिंधुदुर्गातलं स्त्रियांचं प्रमाण 1079वरून 1036वर आलं, रत्नागिरीतलं 1122वर. बायकाही निघाल्या, याची खूण मला या उतारात दिसते. त्यातच राज्याचा जननदर 2019-21च्या पाहणीतच दर स्त्रीमागे 1.7 मुलांवर आला होता. म्हणजे आधीच थोडी मुलं, आणि त्यांतली बरीचशी जन्मतात तिकडेच. जिल्हा परिषदेच्या शाळांचे पट पाहिले की हे कळतं, वेगळ्या पाहणीची गरज नाही.

गणपतीत आणि मे महिन्यात गाव गजबजतं आणि आपली समजूत होते की सगळे आहेत. शिरगणती होते फेब्रुवारीत. तेव्हा गावात जो असतो, त्याच्यावरच शेत, गुरं आणि म्हातारी माणसं अवलंबून असतात.

आता एक गोष्ट मला फार बोचते. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी माणसं आहेत, मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणूनही तीच. बागायतदार म्हणतो, ‘माणूस मिळत नाही.’ आणि त्याच वाडीतला पोरगा अंधेरीत सिक्युरिटीची नोकरी करतो. पोराला आळशी म्हणू नका. बागेचं काम हंगामाचं, त्याला फंड नाही, लग्नाच्या बाजारात पत नाही. अंधेरीचा पगार तुटपुंजा, पण बाराही महिने हातात पडतो. सरकारच्या फळबाग योजनेनं 1990 नंतर इथे डोंगर हिरवे केले, कोकण रेल्वेनं 1998 पासून मुंबई जवळ आणली, पण बारमाही रोजगार या दोन्हींतून पुरेसा उभा राहिला नाही. काजू, आंबा, मासळी यांच्यावरची प्रक्रिया तालुक्या-तालुक्यात वर्षभर चालली पाहिजे, आणि तिथल्या कामगाराला फंड-विमा मिळाला पाहिजे. कोणत्याही नव्या प्रकल्पाला ग्रामसभेत मी पहिला प्रश्न हाच विचारेन: पंचविशीतल्या किती जणांना, आणि किती जणींना, तुम्ही इथे बारा महिन्यांचा पगार देणार?