थेरपी किती तास, केव्हा आणि कुणाबरोबर?

नमस्कार. लकवा मारलेल्या माणसाला घेऊन घरचे लोक आमच्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बोलायला कधी लागतील?" त्याचं तारीख-वार उत्तर आमच्याकडे नसतं. पण बोलण्याची थेरपी, म्हणजे स्पीच थेरपी, किती तास द्यावी, केव्हा द्यावी आणि त्यात कुणी कुणी असावं, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरंच काम झालंय. आज त्याबद्दल बोलते.

आधी एक घोळ मिटवू. मेंदूच्या झटक्यानंतर, म्हणजे स्ट्रोकनंतर, काहींची जीभ आणि ओठ नीट हलत नाहीत. त्यांचे शब्द बरोबर असतात, उच्चार बोबडे होतात. वाचाघाताचं, म्हणजे अफेझियाचं, तसं नाही. चमचा समोर दिसतो, तो कशाला वापरतात हेही कळतं, पण तोंडात 'चमचा' येत नाही. कधी 'कंगवा' येतो, कधी काहीच येत नाही. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला हे होतं. माणूस आतून तोच असतो. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण बहुतेक घरांत त्याच्यासमोरच त्याच्याविषयी चर्चा चालू असते, जणू तो खोलीत नाहीच.

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात 1861 साली पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाला तपासलं. त्याला 'तां' या एका आवाजापलीकडे जवळपास काहीच बोलता येत नव्हतं. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा दिसली. तिथून पुढे कितीतरी वर्षं सगळा रोख 'बिघाड कुठे आहे' यावरच राहिला. उपचारांकडे पद्धतशीर लक्ष गेलं ते महायुद्धांत डोक्याला गोळी लागलेले तरुण सैनिक दवाखान्यांत भरले तेव्हा.

आता तासांचं बघू. 2003 साली कॅनडातल्या संशोधकांनी तोवरच्या चाचण्या शेजारी-शेजारी मांडल्या. काहींत थेरपीचा फायदा दिसला होता, काहींत नव्हता. फायदा दिसलेल्या चाचण्यांत आठवड्याला सरासरी 8.8 तास थेरपी होती, साधारण 11 आठवडे. न दिसलेल्यांत आठवड्याला 2 तास, पण जवळजवळ 23 आठवडे. म्हणजे थेरपी जास्त महिने चालली, तरी एकूण तास निम्म्याहून कमी. आपल्याकडे आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाला येऊन "वर्षभर केलं, फरक नाही पडला" म्हणणारे भेटतात. त्यांचा मला राग येत नाही. त्यांनी वर्ष मोजलेलं असतं, तास कुणी मोजायलाच सांगितलेले नसतात.

दुसरा समज असा, की पहिल्या सहा महिन्यांत जे येईल ते येईल, पुढे काही नाही. हे डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय. जर्मनीत 19 केंद्रांवर झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 156 जण होते आणि सगळ्यांच्या स्ट्रोकला सहा महिने उलटून गेलेले होते. निम्म्यांना लगेच तीन आठवडे, आठवड्याला किमान 10 तास थेरपी दिली. बाकीच्यांना तीन आठवडे थांबवलं आणि नंतर तीच दिली. रोजच्या व्यवहारातलं बोलणं थेरपीवाल्यांचं सुधारलं, थांबलेल्यांचं तसंच राहिलं. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हाही सुधारणा टिकून होती.

मग पहिल्या दिवसापासूनच मारा करावा का? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 246 रुग्णांवर हेच करून पाहिलं. स्ट्रोकनंतर पहिल्या दोन आठवड्यांतच थेरपी सुरू केली. काहींना नेहमीइतकी, काहींना जास्त. 2020 साली निकाल आला: जास्तवाल्यांना जास्त फायदा नाही. सुरुवातीचे दिवस माणूस थकलेला, गोंधळलेला असतो, पेंगत असतो. त्याला दामटून काही मिळत नाही असं माझं मत झालंय.

पण मला सगळ्यात विचार करायला लावला तो ब्रिटनमधल्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने. 278 जण. काहींना घरी संगणकावर स्वतःचा सराव करायला दिला आणि शब्द त्यांच्याच गरजेचे निवडले. शब्द खरंच परत आले, चांगले आले. संभाषण मात्र होतं तिथेच राहिलं.

असं का, ते आपल्या भाषेतच बघा. एका काकांना विचारलं, "काल कुठे गेला होतात?" उत्तर आलं, "काल... मी... बँक... पैसे... सही... नाही." नामं सगळी हजर. पण 'बँकेत' मधला 'त' नाही, 'सहीमुळे' नाही, 'मिळाले नाहीत' तर नाहीच. मराठीत कोणी, किती जणांनी, काय केलं हे सगळं क्रियापदाच्या शेपटाला लागतं, आणि आम्ही चित्रांचे पत्ते दाखवून आंबा, बस, छत्री करून घेतो! छत्री म्हणता आली म्हणून पाऊस लागला की भिजलो हे सांगता येत नाही.

हेच काका मारुतीस्तोत्र सलग म्हणायचे आणि बायकोचं नाव विचारलं की अडायचे. घरात कुजबुज: "नाटक तर नाही ना?" नाही. पाठ झालेलं म्हणणं आणि नवं वाक्य जुळवणं ही वेगळी कामं आहेत. सुरांचा आधार घेऊन बोलायला शिकवण्याची एक पद्धत 1973 पासून आहे, काहींना तिचा उपयोग होतो. त्यावर आज थांबत नाही.

टोरंटोमध्ये 2001 साली वेगळाच प्रयोग झाला. प्रशिक्षण रुग्णांना नाही, त्यांच्याशी बोलणाऱ्या स्वयंसेवकांना दिलं. शिकलेला माणूस समोर असला की रुग्णाचा संवाद सुधारलेला दिसला, त्याला स्वतःला एकही धडा न देता. यात मोठी विद्या नाही. कागदावर तीन शब्द ठळक लिहायचे: बँक, दवाखाना, देऊळ. बोट ठेवायला सांगायचं. मग 'हो-नाही'त उत्तर येईल असं विचारायचं. आणि थांबायचं, वाक्य आपण पुरं करायचं नाही. सगळ्यात अवघड हेच जातं, विशेषतः बायकोला, कारण चाळीस वर्षं ती त्यांची वाक्यं पुरी करत आलेली असते.

आपल्याकडे वाचा-श्रवणाचं शिक्षण देणारी मैसूरची संस्था 1965 पासून आहे, वांद्र्याची 1983 पासून. तिथून शिकलेले थेरपिस्ट बहुतेक शहरांतच राहिले. तालुक्याच्या गावी आठवड्याला दहा तास कोण देणार? म्हणून सून, नात, शेजारचा मित्र यांना मी सत्रातच बसवते, बाहेरच्या बाकावर नाही. व्हिडिओ कॉलवरही चालतं.

आणखी एक कामाची गोष्ट. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाक् आणि भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत वाचाघात नावानिशी आहे. उणीव कायमची ठरली तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. चालता येतंय म्हणून मिळणार नाही, असं घरचेच ठरवून टाकतात.

पुढच्या तपासणीला याल तेव्हा फाइलबरोबर मोबाइलवर घरच्या गप्पांचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग आणा. जेवतानाचं चालेल, भांडणाचं तर फारच छान. त्यात रुग्ण किती शब्द बोलला हे मी ऐकतेच, शिवाय त्याला बोलायला किती वेळ मिळाला तेही घड्याळ लावून बघते.